मार देणाऱ्या पाळकीणबाई

पाळकीणबाई आधी मारायच्या आणि मग प्रार्थना करायच्या. लिंबायतच्या आमच्या दोन खोल्यांच्या चर्चमध्ये कुणी पिऊन आला की दारातच त्याच्या कानाखाली आवाज निघायचा. मग त्यालाच बसवून भाकरी वाढायच्या. "देव लगेच माफ करतो, मला वेळ लागतो," म्हणायच्या. आम्ही सगळे धुळ्या-नंदुरबारकडून पोटासाठी इथं आलेले, कापडाच्या मागांवर राबणारे, मोजून पंधरा घरं. त्यांचा मार न खाल्लेला गडी आमच्यात शोधूनही सापडला नसता.

पाळक मात्र अगदी मऊ. उपासना आटोपली की पत्रकांची पिशवी खांद्याला लावून सुवार्ता सांगायला बाहेर. "अहो, पंधरा घरं धड सांभाळवत नाहीत आणि सोळाव्याच्या मागं काय धावता?" बाई कडाडायच्या. पाळक म्हणायचे, मेंढपाळसुद्धा नव्व्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकामागं गेला. "गेला ना. त्या नव्व्याण्णवांपाशी कोण बसलं होतं, ते विचारा कधी."

त्या नव्व्याण्णवांतली मी एक. नवऱ्यानं कपाळ फोडलं, दोन बरगड्या मोडल्या, तेव्हा उधन्याहून चालत येऊन मी चर्चच्या दारात पडले. पाळकीणबाईंनी मला मागच्या खोलीत ठेवलं. ठावठिकाणा कळला तर तो मला जिवंत सोडणार नाही, हे पंधराही घरांना ठाऊक होतं. तीन महिने कुणी अवाक्षर काढलं नाही.

बोलले ते पाळक, तेही डोळे मिटून. पर्वत पाटिया वस्तीत एका रडणाऱ्या दारुड्याच्या खोलीत ते गुडघे टेकून बसले. कुठल्याही घरी प्रार्थना करताना मंडळीतल्या दुःखितांची नावं घ्यायची त्यांना सवय. त्यांनी माझं नाव घेतलं, गाव सांगितलं, फुटलेलं कपाळ सांगितलं आणि चर्चच्या मागच्या खोलीतल्या या बहिणीला सांभाळ म्हणाले. तो माझाच नवरा. खोली बदलून तिकडं राहायला गेलेला. पाळकांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यानं 'आमेन' म्हटलं आणि रविवारी कुठं यायचं ते विचारून घेतलं. हे सगळं पाळकांनीच आम्हाला नंतर सांगितलं.

रविवारी तो आला. पाळक त्याला हर्षानं पुढं बसवत होते, आणि त्यानं सदऱ्यातून मागाचा धोटा काढला. सूत फिरवायचं हातभर लाकूड, दोन्ही टोकं लोखंडाची. तो माझ्यावर धावला आणि पाळकीणबाई मध्ये पडल्या. घाव त्यांच्या कानावर बसला, रक्त माझ्या तोंडावर उडालं. पण बाई पडल्या नाहीत. त्याचे केस धरून त्यांनी त्याचं डोकं चौकटीवर आपटलं, पुन्हा आपटलं, आपटतच राहिल्या. दात चटईवर पडले. चार गड्यांनी ओढलं तेव्हा तो सुटला. खरं सांगते, मला तो सुटायला नको होता.

पोलीस त्याला घेऊन गेले. बाईंच्या डोक्याला टाके पडले, एक कान कायमचा गेला. दवाखान्यात पाळक रडत म्हणाले, "आता मी कुठंच जाणार नाही."

"जायचं," बाई म्हणाल्या. "बाहेर रडणारे अजून पुष्कळ आहेत. पण आमची नावं घरी ठेवून जायचं."

वर्षभरानं त्यांची बदली झाली. निघताना पाळक माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले, माफ कर म्हणाले. मला नाही जमलं. मी तोंड फिरवलं. पाळकीणबाई सामान बांधायचं सोडून माझ्याजवळ आल्या.

"नको करूस माफ, माय," त्या हळूच म्हणाल्या. "खुशाल रागव. पण इथं येऊन रागव. घरी बसशील तर तुला बघणार कोण?"

म्हणून मी दर रविवारी जाते. पाळकांवरचा राग अजून गेलेला नाही.