सांबार बंद!

आमी अकोल्याच्या जठारपेठेत रस्त्याच्या कडेले भाजी घेऊन बसतो. पहिले आमच्या गोष्टी सुनांच्या असत, मग गुडघ्यांच्या झाल्या, आता छातीतल्या जळजळीच्या हायेत. एकीनं ढेकर दिली का दुसरी विचारते, "काय खाल्लं होतं वं?" झालं, किस्सा सुरू! गिऱ्हाईक नसलं का हे किस्से मेथीच्या जुड्यांसारखे एकावर एक रचले जातात. फरक एवढाच का जुड्या संध्याकाळपर्यंत सुकतात, हे सुकत नाईत.

आमी तिघी. मी मेथी-पालकवाली. डाव्या हाताले अनुसया, तिचे वांगे-टमाटे. उजव्या हाताले सुलोचना, तिचा सांबार. आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीले सांबार म्हणतात. बाहेरच्या माणसाले हे आधीच सांगून ठेवलेलं बरं!

सुलोचनाचा आवाज असा का तिनं "सांबाऽऽर घ्या सांबार!" म्हटलं का मागच्या गल्लीतली बाई गॅस बारीक करून पिशवी घेऊन निघे. जयंतीले वस्तीतली भीमगीतं तिच्याशिवाय होत नसत. नातीनं तं लहानपणीच कबूल करून घेतलं होतं, "आजी, माह्या लग्नात गाणं तूच म्हणशीन."

नातीचं लग्न ठरलं, अमरावतीले, उन्हाळ्यात. अन् त्याच हिवाळ्यात आजीचा आवाज बसला. बसला म्हणजे पार बसला. "सांबार घ्या" म्हणे, तं फाटक्या सुपात तूर पाखडल्यासारखं ऐकू ये.

*

मध झाला, हळद झाली, अनुसयानं दृष्टही काढून पाह्यली. शेवटी आमी तिले दवाखान्यात नेलं. डॉक्टरीनबाई नवीन, पुण्याकडच्या. घशात नळी घालून पाह्यलं अन् म्हणाल्या, "घशाचा दोष नाही. पोटातलं ॲसिड वर येतंय आणि घसा जाळतंय."

सुलोचना म्हणे, "पोटातलं घशात कसं येईन बाई? मधात जिना हाय का?"

"जिना नाही, दार आहे. ते ढिलं झालंय."

"मग कडी लावून द्या!"

कडी काही लागत नाई म्हणे. गोळी घ्यायची, रोज सकाळी उपाशी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. तिखट अन् चहा कमी. जेवण लवकर, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाई. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवायच्या. सुलोचना मान हलवत गेली. निघता निघता तिनं विचारलं, "नाश्त्याले काय खाऊ?"

"इडली चालेल," बाई म्हणाल्या, "पण सांबार बंद."

सुलोचना पायरीवर मटकन बसली. "पोटावरच पाय दिला वं इनं!"

*

तिचं पाळणं मोठं कडक. सांबार खाणं तं सोडलंच, पण तिले वाटलं, दिवसभर ढिगात बसतो, वासानंही होत असन. मग नाका-तोंडाले पदर बांधून बसाले लागली.

त्यात मन इमानदार! समोरच्यानं छातीवर हात ठेवला का ही बसक्या आवाजात विचारे, "जळजळ होते का, दादा? मग सांबार नोका घेऊ."

अनुसया म्हणे, "आता मी गिऱ्हाईकाले म्हणू का, वांग्यात अळ्या हायेत?"

एक मास्तरीनबाई आल्या. सुलोचनाचं बांधलेलं तोंड पाह्यलं, सांबाराचा ढीग पाह्यला, अन् दोन पावलं मागं सरकल्या. "काकू, पुन्हा साथ आली का काही?"

त्या दिवशी माही मेथीही घरी वापस आली!

*

मधात आमच्या मालकांची गोष्ट सांगून टाकतो, नाई तं राहून जाईन. एक दिवस त्यायच्या छातीत असं जळलं का घामच सुटला. पोरानं गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. सुनेनं घाबरून अचलपूरले माह्या ननंदीले फोन केला. ननंद पहिल्या एसटीनं निघाली, अन् रस्ताभर रडत आली.

इकडं पट्ट्या लावल्या, कागद निघाला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणे, आलात ते बरं केलं, पण हार्टचं नाई, ॲसिडिटी हाय.

ननंद आली तं मालक पलंगावर बसून बिस्किट खाऊन राह्यले होते. तिनं डोळे पुसले, आमच्याकडं पाह्यलं, अन् म्हणे, "म्हणजे मी अचलपूरपासून रडत आली, ते गॅससाठी?"

*

अनुसयालेही तीच गोळी भेटली. तिचंही जुनंच दुखणं. महिन्यानं दाखवाले गेली तं गोळ्यांची पाकिटं तशीच भरलेली.

डॉक्टरीनबाईनं विचारलं, "रोज घेत नाही का?"

"तुमीच तं सांगतलं, उपाशी घ्या! माहा उपास सोमवारी असते. अन् चतुर्थीले. बाकीच्या दिवशी खोटं कसं बोलू?"

"उपासाला काय खाता?"

"काय खाईन बाई? उसळ, साबुदाण्याची. दाण्याचा कूट, तळलेले आलू अन् चार हिरव्या मिरच्या. तिखट कमीच!"

बाईनं पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आजपासून तुम्ही रोज उपाशी."

"अन् जेवू कव्हा?"

*

सुलोचना मात्र गोळी नेमानं घे. होळीपर्यंत आवाज अर्धा वापस आला. मग तिनं काय केलं? गोळी बंद केली! मनानंच. पंधरा दिवसांत पुन्हा सूप फाटलं.

डॉक्टरीनबाई रागावल्या नाईत. म्हणाल्या, "भाजीवर सकाळी एकदा पाणी मारलं की दिवसभर पुरतं का?"

"नाई बाई, घडीघडी मारावं लागते."

"मग गोळीही मी सांगेपर्यंत."

हे तिले पटलं. गोळी पुन्हा सुरू झाली. पण आवाज काही येईना! अन् लग्न जवळ आलं. नातीचा फोन आला का सुलोचना सुनेच्या हातात देऊन टाके. म्हणे, "पोरीनं हा आवाज ऐकला तं रडन."

मी एक दिवस तिच्या घरी गेली. विटा पाह्यल्या. दोन पायांखाली, बरोबर. गोळी पाह्यली, बरोबर. मग कूलर पाह्यला. अकोल्याचा उन्हाळा, कूलर खिडकीत लागला होता, अन् खिडकी होती पायथ्याकडं.

"काहून वं, डोकं कुठं करून झोपतं तू?"

"कूलरकडं. उन्हाळ्यात माणूस अजून कुठं डोकं करते?"

"अन् विटा?"

तिनं विटांकडं पाह्यलं, मग कूलरकडं पाह्यलं.

"बयो! म्हणजे मी उन्हाळाभर पाय वर करून झोपली?"

म्हटलं, "ॲसिडले चांगला उतार करून देल्ला तुनं!"

विटा दुसऱ्या बाजूले गेल्या.

*

मग पुन्हा दवाखाना. या वेळी आमी तिघीही गेलो. डॉक्टरीनबाईनं विचारलं, "पथ्य चालू आहे ना?"

सुलोचना हळूच बोलली, "सांबार तं शिवतही नाई बाई. म्हणजे विकाले तेवढा शिवतो. तेही तोंड बांधून."

"तुम्ही सांबार विकता? मग इडलीचीही गाडी आहे का?"

"इडली काहून विकू? माहं बापजाद्यापासून सांबाराचंच हाय."

बाई बुचकळ्यात पडल्या. सुलोचनाही पडली. अनुसयानं पिशवीत हात घातला अन् टेबलावर एक जुडी आपटली. "हा घ्या सांबार! रोगी पाह्याचा अन् रोग नाई पाह्याचा, असं कसं?"

"अहो, ही तर कोथिंबीर!"

"ते तुमच्या पुण्यात," सुलोचना म्हणे.

मग बाईले समजलं. त्यायनं तोंडावर हात धरला, पण हसू बोटातून निघालंच. "मी डाळीचा म्हणत होते हो, चिंच घातलेला! हा खा की खुशाल."

सुलोचनानं जुडीतली एक काडी तोडली अन् तिथंच, खुर्चीत बसून, डोळे मिटून चावली.

बाईनं बजावलं, "लग्नापर्यंत ओरडायचं मात्र नाही. घशाला आराम." मग धंद्याच्या वक्ती अनुसयाच हाका मारे, "वांगे घ्या, टमाटे घ्या, अन् इचा सांबारही घ्या!" त्यामुळं तो पहिलेचा आवाज आला का नाई, हे कोनालेच ठाऊक नव्हतं. तिले सुदिक.

*

लग्नाले आमी एसटीनंच गेलो. मूर्तिजापूरले खिडकीशी गरम भजे आले. सुलोचनानं तोंड दुसरीकडं फिरवलं. अनुसयानं तिच्या वाट्याचेही खाल्ले.

अमरावतीच्या हॉलमध्ये वंदना झाली, पंचशील झालं, हार पडले. मागं आचाऱ्याचे गंज, म्हणजे मोठाले पातेले, चुलीवर चढले होते, वांग्याच्या रश्श्याचा वास सुटला होता. नात उठून उभी राह्यली अन् म्हणे, "आता माही आजी गाईन."

सुलोचना माइकपुढं गेली. नातीकडं पाह्यलं, तं नातीचे डोळे आधीच भरलेले. गाण्याचा पहिला शब्दच आठवेना.

माइकवाला पोऱ्या म्हणे, "आजी, आवाज सेट करतो. काही बी बोला."

तिनं पदर सावरला, श्वास घेतला, अन् जे तोंडात बसलं होतं तेच निघालं:

"सांबाऽऽऽर घ्या सांबार! हिरवागाऽऽर सांबार!"

खणखणीत! पार रस्त्यावरचे लोक आत डोकावले.

अन् मागच्या दारातून आचारी हातात झारा घेऊन पळत आला, "कोनापाशी हाय वं बाई? दोन किलो इकडं टाका, रस्सा उतरला!"