मुळ्याचं आवण

दोन हिवाळ्यांपूर्वी मी एक चुकीचं पत्रक छापलं. मत चुकीचं नव्हतं, ते आजही तसंच आहे. आगाशीच्या वाड्यांतली ताजी भाजी टोपल्या भरून मुंबईला जाते आणि ज्यांना वाडी नाही त्यांच्या ताटात रेशनचा तांदूळ आणि सुकट. परसात हातभर जागा मोकळी असताना! ही लाजेची गोष्ट आहे, आणि ती मी कुठंही उभं राहून म्हणेन. चूक झाली ती मुळ्याबाबत.

पत्रक पिवळ्या कागदावर होतं. मथळा माझाच: ‘परसात मुळा, चाळीस दिवसांत ताटात!’ आमच्या आळीत मी ते दारोदार वाचून दाखवलं आणि सोबत बी वाटलं. बायकांनी माझ्या शब्दावर परसं खणली, खडे आणि करवंट्या वेचल्या, विहिरीवरून जादा घागरी वाहिल्या. एवढा विश्वास आजवर माझ्यावर कुणी टाकला नव्हता.

मी लिहिलं होतं: बी एका वाफ्यात दाट टाका, रोपं वर आली की उपटून दुसऱ्या वाफ्यात लावा. हे मला सांगितलं कुणी? कुणीही नाही. भाताचं रोप, आमच्याकडचं आवण, पावसात उपटून खाचरात लावतात हे मी जन्मल्यापासून पाहत होतो. वांगी, मिरच्याही तशाच. मग मुळा काय आभाळातून पडलाय? हातात कुदळ मी कधी धरली नव्हती. धरली ती लेखणी.

शेजारच्या काकीची उभी हयात दुसऱ्यांच्या वाडीत भाजी लावण्यात गेली होती. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं पत्रक शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

“मुळा कोनी उपटून लावतं काय रे?”

“काकी, हे छापलेलं आहे.”

“मग छापनाऱ्याला विचार.”

“छापणारा मीच आहे.”

“हां. तेच म्हनते मी.”

आळी हसली. मी हसलो नाही.

चाळीस दिवसांनी पाला असा माजला होता की मी मनातल्या मनात पुढचं भाषण रचत होतो. मग बायकांनी मुळे उपटले. दोन पायांचे, तीन पायांचे, एकमेकांत पीळ घातलेले, काही नुसते दोऱ्यासारखे. समोरच्या घरची वहिनी एक मुळा घेऊन थेट माझ्या दारात आली.

“घे तुझा मुळा. ह्याला आता धोतर नेसव.”

मी काही बोलणार तोच ती म्हणाली, “त्या जागेत उद्यापासून लाकडं रचते. पुन्हा पत्रक घेऊन आलास तर चुलीत घालीन.”

ते लाकडांचं मला झोंबलं. एका घरानं लाकडं रचली की सगळी आळी रचणार, आणि ताटात पुन्हा सुकटच. मी संतापलो, आणि संताप आला की मी लिहायला बसतो. नवं पत्रक तयार: ‘निकृष्ट बी खपवणाऱ्यांचा धिक्कार असो!’ सकाळी ते काकीला ऐकवायला गेलो.

ती उठली. मला चुलीमागच्या दारानं परसात घेऊन गेली. बोटांनी माती सैल केली आणि एक मुळा ओढला. पांढराशुभ्र, सरळ, वीतभर.

“बी तुझ्याच पुडीतलं,” ती म्हणाली. “मी जागच्या जागी टाकलं. भात उपटला तरी त्याला नवी मुळं फुटतात, ती काय आपन खातो? मुळ्याचं खायचं तेच त्याचं मूळ. टोक दुखावलं की संपलं.”

धिक्काराचं पत्रक मी तिथंच फाडलं. दुपारी विहिरीवर बायका जमल्या तेव्हा सांगून टाकलं: बी चांगलं होतं, चूक माझी.

“मग काकीचं आधी का नाही ऐकलंस?” वहिनीनं विचारलं.



काकीनं घागर खाली ठेवली. “मी तरी कुठं वरडून सांगितलं? गेल्या सालचं बी मडक्यात हाय. थंडी बाकी हाय. टाकू पुन्हा.”

आणि ती घरोघर गेली, पत्रकाशिवाय. माती हातभर खोल भुसभुशीत करून घेतली. ताजं शेण घालू दिलं नाही, त्यानं मुळाला फाटे फुटतात म्हणाली. बी ओळीत, अर्ध्या पेराएवढं खोल. रोपांची दाटी झाली की चार-चार बोटांवर एक ठेवून बाकीची उपटायची, त्या कोवळ्या पाल्याची भाजी करायची. पाणी रोज, पण बेतानं. जून होण्याआधी काढायचे, नाहीतर आतून पोकळ. माझे दोन पायांचे मुळेही तिनं वाया जाऊ दिले नाहीत, सुक्या जवळ्यात घालायला लावले. चव, खरं सांगतो, उत्तम होती.

त्या खेपेला मुळे सरळ आले. वहिनीनं काही झाडं बियांसाठी उभी ठेवली.

परवा, थंडी सुरू होताना, तिनं मला बियांची पुडी आणून दिली. कागद पिवळा होता. उलगडला तर आत माझाच मथळा.

“हे चुलीत नाही घातलंस?”

“कागद जाड होता,” ती म्हणाली. “आणि काकी म्हणते, ह्या साली तूही कुदळ धर.”

धरली. हाताला फोड आलेत. काकी कुंपणापलीकडून बघते आहे, आणि अजून तरी हसलेली नाही.