सायकलमार्गावर शंका घेणारे धोंडीभाऊ मुकादम

धोंडीभाऊ मुकादमांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा मला त्यांचा संशय आला होता. पंचाहत्तरीच्या ग्रंथातल्या लेखाला ही सुरुवात शोभत नाही, हे मला कळते. पण मुकादमांविषयी काही गोड खोटे लिहिले, तर ते ग्रंथ मिटून शांतपणे परत करतील, हेही ठाऊक आहे. म्हणून जसे घडले तसेच लिहिते.

फाल्गुनातली सकाळ होती. मी मंचरच्या जुन्या रस्त्याने फिरायला निघाले होते. बाह्यवळण झाल्यापासून लांबची वाहने बाहेरून जातात, पण कांद्या-बटाट्याच्या गाड्या बाजारात यायच्या तर याच रस्त्याने येतात. या रस्त्याच्या कडेने बाजारापासून शाळेपर्यंत सायकलमार्ग होणार होता आणि आदल्या आठवड्यातच त्याची फक्कीची पांढरी रेषा आखली गेली होती. ओढ्यावरच्या मोरीपाशी एक वयस्क गृहस्थ घमेल्यातली चाळलेली माती त्या रेषेवर पसरत होते आणि लिंबाच्या डहाळीने ती सारखी करत होते.

"काय करताय?" मी विचारले.

"माती टाकतोय."

"रेषेवर?"

"रेषंवर बी, रेषंच्या आल्याड बी, पल्याड बी."

"कशासाठी?"

"बघायला."

"काय बघायला?"

"ते बघितल्यावं कळंल, बाई."

मी घरी येऊन पतींना सांगितले, की कुणीतरी रेषा पुसतो आहे. ते म्हणाले, "ते धोंडीभाऊ मुकादम. त्यांच्या मुलाचं पंक्चरचं शेड अर्धं रेषेत येतंय." एवढ्यावर माझ्या मनाने निकाल देऊन टाकला. हा सायकलमार्ग मला हवा होता. माझी मुलगी मुक्ता आठवीत आहे आणि सायकलने शाळेत जाते. कांद्याची गाडी तिच्या शेजारून जाते तेव्हा चाक आणि हँडल यांच्यात हातभर अंतर उरते. ते दृश्य मी एकदा डोळ्यांनी पाहिले आणि तेव्हापासून ती घरी पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. त्या रेषेवर माती टाकणारा माणूस मला माझ्या मुलीच्या वाटेत उभा असल्यासारखा वाटला.

मुकादमांना ओळखणाऱ्यांना पुढील माहिती नवी नाही, पण हा ग्रंथ बाहेरगावचे लोकही वाचतील. मुकादमांचे वडील मेंढरे राखत. लहानपणी धोंडीभाऊ कळपामागे याच रस्त्याच्या कडेने पेठपासून ओझरपर्यंत चालले आहेत. मुक्कामाला मेंढरांभोवती जाळीची वाघर लागली, की वडील तिच्या बाहेरची माती हाताने सारखी करायला लावत आणि सकाळी उठल्याबरोबर तिच्यावर कुणाचे पाय उमटलेत ते वाचायला लावत. पुढे धोंडीभाऊ रस्त्याच्या कामावर मैलकुली म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. त्यांचे जुने सहकारी एक आठवण सांगतात. नवे डांबर पडल्यावर एका साहेबांनी सहज विचारले, "काय मुकादम, कसा झालाय रस्ता?" मुकादमांनी वहाणा काढून हातात घेतल्या, तो सगळा तुकडा अनवाणी चालून आले आणि म्हणाले, "साहेब, त्या आंब्यापाशी पाणी थांबंल." साहेब हसले. पावसाळ्यात पाणी तिथेच थांबले.

माती टाकल्यानंतर चार दिवसांनी मुकादम आमच्या दारात उभे राहिले. आत बोलावले तरी उंबऱ्यापाशीच बसले. चहा घेतला आणि बशी पालथी ठेवून म्हणाले, "बाई, चालणाऱ्या माणसांची मोजणी तुमी केली ना?"

मीच केली होती. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. सायकलमार्गाच्या आराखड्यासाठी जुन्या रस्त्यावर किती जण चालतात, कुठे ओलांडतात, हे माझ्या विद्यार्थ्यांनी मोजले होते. तक्त्याखाली माझी सही होती. त्या तक्त्यात मोरीपाशी ओलांडणारे जवळजवळ कुणीच नव्हते, म्हणून आराखड्यात सायकलमार्ग आणि रस्ता यांच्यामधला लोखंडी कठडा तिथे सलग होता.

"कवा केली?"

मी दिवस सांगितला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिशी जत्रा व्हती."

मला पुढचे ऐकायची गरज उरली नाही. शेजारच्या गावची माघातली जत्रा. घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, बैलगाड्यांच्या शर्यती. त्या दिवशी आमच्या भागात शाळा भरत नाही, वखारी उघडत नाहीत, शेतावर कुणी जात नाही. सगळी माणसे ट्रॅक्टरवर आणि टेम्पोत बसून घाटाकडे गेलेली असतात. मुलांना सुट्टी होती म्हणून तर मी तो दिवस निवडला होता. त्यांनी अकरापर्यंत मोजले आणि तेही शर्यती बघायला पळाले. रस्ता किती शांत आहे म्हणून मी मनात खूशही झाले होते. मी जुन्नरची. जत्रेच्या दिवशी रस्ते कसे ओस पडतात हे लहानपणापासून बघत आले आहे. तरीही सही केली.

"मुकादम, मी हे मुद्दाम..."

"तुमी मोजली ती माणसं खरी व्हती, बाई. बाकीची आमी समदी घाटात व्हतो. मी बी व्हतो, फेटा बांधून."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला मोरीपाशी नेले. शिकलेल्या माणसाला अडाणी ठरवण्याची संधी त्यांच्याकडे होती. त्यांनी ती घेतली नाही. सारख्या केलेल्या मातीवर त्यांनी मला पाय वाचायला शिकवले.

"ह्या बाया वस्तीवरनं येत्यात, ओढ्याच्या कडंनं. पलीकडं वखारीत कांदा निवडायला. ही सिंधूबाई, डावा पाय वढती. ही शाळंच्या पोरींची बुटं. काल तीन जोड्या व्हत्या, आज दोनच. एक पोरगी आजारी आसंल न्हाईतर पावणी आली आसंल तिच्या घरी." ते खुदकन हसले आणि मग गंभीर झाले. "समदी हितंच वर चढत्यात. आन् हितंच तुमचा कठडा."

म्हणजे वस्तीवरच्या बायका आणि मुली ओढ्यातून वर चढणार त्या थेट सायकलींच्या पट्ट्यात. पुढे रस्ता ओलांडायचा तर कठडा आडवा. माझी मुलगी कठड्याआड सुरक्षित होणार होती आणि सिंधूबाई त्याच कठड्याने अडकणार होत्या. हे मला माझ्या सहीच्या कागदावर दिसले नव्हते.

सायकलमार्गाच्या पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि मोजणी चुकल्याचे सांगितले. मागून कुणीतरी टोमणा मारला, "मॅडम, तुमच्याच पोरीसाठी मार्ग मागितला, आन् आता तुमीच मोडता घालताय व्हय?" मुकादम जागेवरूनच म्हणाले, "मोजणी आमी गाववाल्यांनी चुकवली. जत्रंला गेलो ते सांगून गेलो न्हाई." सगळे हसले आणि माझ्यावरची नजर हटली. ते उपकार मी विसरलेले नाही.

आराखडा करणारे अभियंता साहेब तरुण आणि सरळ वाटले, पण तेही ऐकेनात. "कठड्यात मध्ये जायला तोंड ठेवलं की मोटारसायकली आत घुसतात. मग तो सायकलमार्ग राहतच नाही. मी दुसरीकडे पाहिलंय हे."

"तुमचं बी बरोबर हाय," मुकादम म्हणाले. "मंग एक सकाळ या. कठडा मी लावतो."

ठरलेल्या सकाळी मी मुक्ताला आणि तिच्या दोन मैत्रिणींना सायकली घेऊन पाठवले. मुकादमांनी रेषेवर बांबू रोवून त्यांना मेंढरांची जुनी वाघर बांधली होती. जाळीची ती लांबलचक भिंत कठड्याच्या उंचीएवढी होती. मुलाचे पंक्चरचे शेड जागेवर नव्हते. ते आदल्या दिवशीच चार पावले मागे सरकवले होते. याबद्दल मुकादम स्वतः कधीच बोलले नाहीत. मला ते सिंधूबाईंकडून कळले: "म्हनले, आधी आपलं हालवा, मंग दुसऱ्याला सांगायला त्वांड ऱ्हातं."

साडेनऊच्या सुमारास बायका डबे घेऊन ओढ्यातून वर आल्या. त्याच वेळी शाळेच्या मुली चालत आल्या. आणि दोन्ही बाजूंनी सायकली. मुक्ताने घंटी वाजवली, ब्रेक दाबला, तरी तिचे हँडल सिंधूबाईंच्या डब्यावर आपटलेच. डबा पडला.

"अगं बया! कुठं जाऊ मी? हिकडं सायकल, तिकडं जाळं!" असे म्हणत सिंधूबाईंनी वाघर उचलली आणि वाकून खालून रस्त्यावर गेल्या. कुणी सांगितले नव्हते तसे करायला. रोजच्या वाटेवर आडवे काही आले, तर माणूस जे करतो ते त्यांनी केले. समोरून कांद्याची गाडी येत होती. पण मुकादम नोकरीतला जुना लाल झेंडा घेऊन आधीच रस्त्यात उभे होते. गाडी करकचून थांबली.

"ओ पावणं, मरायचंय का सकाळ सकाळी?" ड्रायव्हर ओरडला.

मुकादमांनी त्याला हात जोडले आणि झेंडा तसाच ठेवला. सिंधूबाई पलीकडून साहेबांना म्हणाल्या, "साहेब, तुमी बी या की असंच वाकून. लई सोपं हाय."

सगळे हसले. साहेबांनी मात्र खरोखरच काखेत फाइल धरली आणि वाकून जाळीखालून गेले. पलीकडे उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "वाकलं की नजर खाली जाते," ते म्हणाले. "गाडी दिसतच नाही."

मुकादमांनी झेंडा गुंडाळला. मी मुक्ताकडे पाहिले. ती सायकल आडवी टाकून सिंधूबाईंच्या डब्यातली सांडलेली भाजी गोळा करत होती.

आराखडा बदलला. मोरीपाशी कठड्याला तोंड आले. ते नागमोडी आहे, म्हणजे माणूस जाईल, मोटारसायकल वळणार नाही. रस्त्यावर पांढरे पट्टे आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे गतिरोधक आले. चालणाऱ्यांसाठी सायकलींपासून वेगळी पायवाट आली. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. मुकादम म्हणाले, "कागदावं आलंय."

त्यांनी नकाशाची प्रत मागून घेतली. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते दर सोमवारी कार्यालयात जातात, नवी प्रत बघतात आणि आपल्या प्रतीशी ताडून पाहतात. एकदा ते तिथूनच मला फोनवर म्हणाले, "बाई, फोन ठेवू नका, हितं बघा काय चाललंय." नव्या नकाशात मोरीचे तोंड विजेच्या खांबाकडे काही पावले सरकले होते. साहेब समजावत होते, "मुकादम, रेखाटताना थोडं इकडेतिकडे होतं हो."

"पाय इकडंतिकडं व्हत न्हाईत, साहेब. ते हितंच चढत्यात."

तोंड परत जागेवर आले. साहेब आता हसून म्हणतात, की नवी प्रत छापण्याआधी मला मुकादमांचा चेहरा दिसतो.

एका संध्याकाळी धीर करून मी त्यांना सांगून टाकले, की पहिल्या दिवशी तुम्ही रेषा पुसताय असे मला वाटले होते. ते गालातल्या गालात हसले. "बरं केलं. म्या बी तुमच्यावं संशय घेतला व्हता. म्हनलं, एवढी चुकीची मोजणी करून सही करत्यात, साहेबाची पावणी हाय का काय ह्या?" आम्ही दोघेही बराच वेळ हसलो. त्यानंतर मी माझ्या सहीकडे आधीसारख्या खात्रीने पाहत नाही. कुठलाही तक्ता पुढे आला, की तो दिवस कुठला होता आणि त्या दिवशी कोण घरी नव्हते, हे आधी विचारते. विद्यार्थ्यांनाही तेच शिकवते. वर्गात मी याला 'मुकादमांचा प्रश्न' म्हणते.

या ग्रंथाची कल्पना त्यांना सांगायला आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी आमच्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "माज्यावं पुस्तक? कोण उभं ऱ्हातंय निवडणुकीला?" कुणीच नाही म्हटल्यावरही त्यांचा विश्वास बसला नाही. मला वाटते, अजून बसलेला नाही. हा लेख ते वाचतील तेव्हाही यात कुणाचा काय फायदा आहे, हे शोधतील. मुकादम, फायदा माझाच आहे. तो लपवत नाही.

सायकलमार्गाचे काम सुरू झाले आहे. कठड्याचे लोखंडी खांब उभे राहिले. मोरीपाशी तोंडाची जागा रिकामी सोडली आहे. पण रस्त्यावरचे पट्टे अजून उमटलेले नाहीत आणि सिंधूबाई अजूनही हात वर करून गाड्या थांबवत पलीकडे जातात. त्या पट्ट्यांवरून सिंधूबाई आणि शाळेच्या मुली ज्या दिवशी न धावता चालत जातील, त्या दिवशी आम्ही पेढे वाटू.

आमच्या सर्वांच्या वतीने मुकादमांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे शाबूत राहोत, चष्म्याचा नंबर वाढू नये, अशी मनापासून इच्छा व्यक्त करते. हे मी त्यांना तोंडी म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "शंभर-बिंबर नगं बाई. त्या पट्ट्याचा रंग वाळूस्तवर ऱ्हाऊ द्या, मंग बघू."

एवढ्यात सुटका नाही, मुकादम. रस्त्यावरचा रंग एका पावसाळ्यात पुसट होतो. तो दरवर्षी पुन्हा मारावा लागतो, आणि मारला की नाही हे बघायला दरवर्षी तुम्ही लागता.