केसांचं दावं

अंबाडीचं दावं एका पावसाळ्यात कुजतं, शेळीच्या केसांचं टिकतं. म्हणून पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीत, म्हशींना केसांचीच दावी असत. आमच्या घरची माझे सासरे वळायचे. माझं लग्न नवं होतं, आमचे हे मुंबईला गिरणीत. शिमग्याला आले तेव्हा बापाला म्हणाले, "आबा, खोली मिळालीय. पावसाआधी हिला नेतो." सासरे म्हणाले, "ने की. घरची दावी तेवढी पुरी होऊ दे."

मी खुळी, आनंदानं कामाला बसले.

एका फळीला तीन भोकं पाडून सासऱ्यांनी त्यात मोडक्या बादलीच्या कडीचे आकडे बसवले होते. कातलेले तीन पेड आकड्यांना अडकवून ते पीळ देत. दुसरी टोकं धरून मी ताण द्यायचा आणि पीळ चढेल तसं पुढं सरकायचं. ते केस तळहातात कुसळांसारखे शिरत. भाकरी थापताना पिठाला रक्त लागायचं, तर म्हणायचे, "हात धुऊन थाप. आमी काय राकीस हाय?"

दावं झालं की ते दोन्ही मुठींत धरून उलटं पिळायचे. पेड जरा सुटले की, "कच्चं हाय गो. उसव." तेही पाणी घेऊन बायका समोरून जाताना, मोठ्यांदा. "हिचं ध्यान मुंबयत, पीळ कसा बसंल?" बायका हसायच्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या सासऱ्यांचा तर सुंभही धडधाकट होता.

मग मीही इरेला पेटले. टाच रोवून, मागं रेलून ताण धरायला शिकले. वैशाखात असं दावं झालं की त्यांनी पिळलं, पायाखाली धरून ओढलं, पण एक पेड हलला नाही. मला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेळ्यांचे केस माझ्यापुढं येऊन पडले. "आता कुठं तुझा हात बसलाय," सासरे म्हणाले. ह्यांना रजा मिळाली नाही. उन्हाळ्याला आलेली वाडीतली माणसं पावसाआधी मुंबईला परतली. त्यांच्यासोबत मला धाडलं नाही.

गणपतीला हे आले. मी न विचारताच लुगड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं. संध्याकाळी सासऱ्यांनी माझं दावं ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी ते खांबाला अडकवून सगळा भार टाकून ओढलं. चेहरा खुलला.

"हे हिनं वळलं?"

"मग! अख्ख्या वाडीत असं कोनाला जमत नाय."

मी दाराआड उभी होते. सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायची रीत नव्हती, आणि हे माझ्याकडं बघतही नव्हते.

"आबा, मग ऱ्हाऊ दे हिला हितंच," हे म्हणाले. "मुंबयत हिचे हात फुकट जातील."

सासऱ्यांचा राग मला पहिल्यापासून होता. नवऱ्याचा त्या संध्याकाळी आला, तो मग कधी गेला नाही.