दुधाच्या पिशव्यांची फरशी

जे. पी. नगरच्या आमच्या दूध केंद्राबाहेर तो रोज सकाळी गोणी घेऊन उभा असायचा. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट. लोकांकडून दुधाच्या रिकाम्या पिशव्या मागून घ्यायचा आणि प्रत्येक पिशवी उजेडात धरून पाहायचा. त्या वितळवून तो फरशा बनवतो, असं केंद्रवाले अण्णा सांगत. नव्वदच्या दशकातल्या त्या दिवसांत मला ते खूळच वाटे, तरी मी बघत राही.

एका शनिवारी त्याने पहिली फरशी आणून कट्ट्यावर उन्हात ठेवली. सोमवारी ती एका शाळेला दाखवायची होती. पसंत पडली, तर अख्ख्या अंगणाचं काम मिळणार होतं. रांगेतले सगळे "छान आहे" म्हणाले.

"अक्का, तुम्ही सांगा," तो बेळगावकडच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला.

मी अनोळखी माणसांशी बोलत नसे. पण तापलेल्या फरशीला नासक्या दुधाचा वास होता.

"वास येतो," मी म्हणाले.

"स्वल्प?"

"नाही. बराच."

अण्णा हसले. "घ्या, गेली तुमची शाळा."

त्याने खिशातून वही काढली. "घरी पिशवीचा कोपरा कापता, की पूर्ण कड?"

"कोपराच."

"मग धुताना पाणी आत जात नसणार की." त्याने ते लिहून घेतलं. "शाळेला थांबा म्हणून सांगतो. सगळे छान म्हणाले, त्यातनं मला काय कळलं नाही बघा."

कॉलेजच्या प्रयोगवहीत तेव्हा आम्ही सगळ्याच जणी उत्तर जुळेल असे आकडे लिहायचो. त्या सोमवारी मी माझा न जुळणारा आकडा तसाच ठेवला.