सुलक्षणापेक्षा एक किलो जास्त

तुझी जवळची मैत्रीण कोण, असं सारिका भंगाळेला कुणी विचारलं की ती गडबडून जायची. नावच सुचायचं नाही. शाळेतल्या पोरी लग्नं होऊन सुरत-नाशिकला पांगल्या. आईबाप, म्हणजे लताबाई आणि रतिलाल, यावलकडे आपल्या केळीच्या बागेत. ही जळगावात एक खोली घेऊन राहायची आणि सकाळ-संध्याकाळ जीवरामनानांच्या व्यायामशाळेत वजन उचलायची. उरलेल्या वेळात खायची, झोपायची आणि सुलक्षणाचा विचार करायची.

ही सुलक्षणा साक्रीकडची, सराव धुळ्याला, आणि गट हिचाच, एकोणसाठ किलोचा. शाळकरी वयात दोघी पहिल्यांदा समोरासमोर आल्या तेव्हा सुलक्षणा जिंकली. पुढच्या वर्षी सारिका. तेव्हापासून राज्यात सोनं एकीचं तर चांदी दुसरीची, हे ठरूनच गेलं होतं. मध्ये शिरायची तिसरीची टाप नव्हती.

आणि इतक्या वर्षांत दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. भांडण नव्हतं हो, उस्तादांचा दंडक होता. नाना म्हणायचे, "जिले हारवायचं तिच्यासंगं चहा पेयाचा नाही." धुळ्याच्या सरांचंही तेच. स्पर्धेआधी सरावाच्या खोलीत दोघी पाठीला पाठ लावून बसायच्या आणि एकमेकींच्या बारवर किती प्लेटा चढल्या ते कानांनी मोजायच्या. सुलक्षणा डावा गुडघा आवळून बांधते, वजन उचलायच्या फळीवर आधी डावा पाय ठेवते, हे सारिकाला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि बारला हात घालायच्या आधी सुलक्षणा त्याच्यावर चक्क खेकसायची, "ऊठ वं!" बसकण मारलेल्या म्हशीवर खेकसावं तशी. लोक हसायचे. सारिका मात्र ते दोन शब्द ऐकले की कमरेचा पट्टा आणखी आवळायची.

नानांची शिकवण्याची तऱ्हा एकच. त्यांचा मावसभाऊ धुळ्यात होता. सुलक्षणाने काय उचललं याची बातमी त्याच्याकडून यायची. नाना ती भिंतीवर खडूने लिहायचे आणि खाली लिहायचे एक किलो जास्त. तो सारिकाचा आकडा. तिने स्वतःचा आकडा स्वतः कधी ठरवलाच नाही, आणि आपल्याला तो ठरवावा लागत नाही हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मग जगभरच्या वजनगटांची फेरमांडणी झाली आणि एकोणसाठचा गटच गेला. आता खाली अठ्ठावन्न नाहीतर वर त्रेसष्ट. दोघीही हाडापेराने मोठ्या. एकोणसाठमध्ये बसायलाच स्पर्धेआधी उपास काढून घाम गाळावा लागायचा. आणखी किलोभर उतरायचं तर पायातला जोरच उतरणार, हे नाना जाणून होते. त्यातून हे निवड चाचणीचं वर्ष. त्या दिवशी दोन्ही प्रकार मिळून दोनशे दहा किलो जी उचलेल तिलाच राष्ट्रीय शिबिराचं दार उघडणार होतं. सारिका सत्ताविशीला आली होती. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नानांनी मग आपल्या धंद्यातली जुनी खेळी केली. मावसभावाकडून धुळ्यात पुडी सोडली, की आमची पोरगी अठ्ठावन्नात चालली.

"ती तुह्या मागं मागं खाली उतरते का नाही, पाह्य," नाना म्हणाले. "आपन वर त्रेसष्टात मोकये. रस्ता साफ."

"आन ती नाही उतरली तं?"

"उतरते. ती तुले सोडत नाही."

सारिका हसली. तिने नाही म्हटलं नाही. अशा हुलकावण्या सगळेच देतात, धुळेवाल्यांनीही दिल्या होत्या. आणि दहा दिवसांत बातमी आली, सुलक्षणाने अठ्ठावन्नात नाव दिलं. नानांनी मांडीवर थाप मारली.

पहिले काही दिवस मजेत गेले. उपास संपले. लताबाई गावाहून पिशवी भरून केळी पाठवायची, फोनवर म्हणायची, "खाय माय, केयं खाय. किती वर्सं तरसली तू." सारिका पोटभर खायची. अंगात ताकद आली. पण भिंत कोरी राहिली. नानांनी एकदा तिच्यावर दोनशे दहा लिहिलं, पण त्या आकड्याला ना तोंड होतं ना गुडघा. तो कुणावर खेकसत नव्हता. सारिका बारसमोर उभी राहायची आणि तिला वाटायचं, हे कशाला उचलायचं? कुणाला दाखवायचं? तोच बार, त्याच प्लेटा, आणि पूर्वी खांद्यावर हसत येणारं वजन आता मांडीवरूनच परत जायचं.

"वजन वाढलं आन जोर कमी?" नाना चिडायचे. "डोकं कुठी हाये तुहं?"

डोकं धुळ्याला होतं. एका रविवारी, नवे बूट बघायचे आहेत असं स्वतःलाच सांगून, ती धुळ्याच्या बसमध्ये बसली. बुटांच्या दुकानाकडे फिरकलीसुद्धा नाही. सुलक्षणाच्या व्यायामशाळेसमोर रसवंती होती, तिथे बसली. रस गरम होईस्तोवर तसाच पुढ्यात. आतून बार आदळल्याचा आवाज आला, आणि त्याच्या आधी, बारीक झालेला, "ऊठ वं!" उपाशी माणसाचा आवाज सारिकाला कळत होता, ती स्वतः कित्येक वर्षं तशी बोलली होती. रस्ता ओलांडून आत जावं आणि सांगून टाकावं, बाई, तू वर ये, आम्ही तुला फसवलं. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मग त्रेसष्टमध्ये पुन्हा ती. पुन्हा सोन्याचं काय होईल याचा घोर. सारिका उठली आणि परतीच्या बसला लागली. पारोळ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. रडू येत होतं आणि कशाचं ते सांगायला कुणी नव्हतं.

चाचणी जळगावलाच झाली. घरचं मैदान, पण घरचं कुणी नाही. त्याच दिवशी बागेत केळीची कापणी आणि गाडी भरणं निघालं होतं. सकाळी अठ्ठावन्नचा गट झाला. सारिका मागच्या रांगेत तोंडाला ओढणी बांधून बसली होती. सुलक्षणा आली, गाल आत गेलेले, डावा पाय आधी. "ऊठ वं!" बार डोक्यावर गेला आणि मागे पडला. तीन संधी, तिन्ही वाया. स्नॅच, म्हणजे एका झटक्यात थेट डोक्यावर, हा पहिलाच प्रकार, त्यात तिन्ही वाया गेल्या की बाई स्पर्धेतूनच बाद. कुणीतरी टाळी वाजवली आणि एकटीच वाजल्यावर थांबली.

दुपारी सारिकाचा गट. स्नॅचमध्ये तिने त्र्याण्णव उचलले. म्हणजे दुसऱ्या प्रकारात, खांद्यावर घेऊन मग डोक्यावर न्यायच्या जर्कमध्ये, एकशे सतरा हवे. मधल्या सुट्टीत ती सरावाच्या खोलीत आली तर बाकावर सुलक्षणा बसलेली, नेहमीच्या जागी, पाठ करून. नाना पंचांच्या टेबलाकडे पुढचं वजन सांगायला गेले होते. सारिकाही नेहमीसारखी पाठ टेकून बसली. दोघींच्या पाठी लागल्या. सुलक्षणाची हाडं टोचत होती.

सारिकाने पिशवीतून केळी काढली आणि न वळता मागे हात केला.

"खाय. आमच्या बागेतले केयं हायेत."

इतक्या वर्षांतला हा पहिला शब्द. मागून साल सोलल्याचा आवाज आला. सुलक्षणाने एक खाल्लं, दुसरं खाल्लं.

"गोड शे," ती म्हणाली. आणि मग, "सकाळे वजन कराले गयी मी. साऱ्या पोरी व्हत्यात. तू काई दिसनी नही."

सारिकाने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"मना सर म्हनत व्हतात, खाले जाऊ नको, तुले झेपाव नही. माले बी ठाऊक व्हतं. पन तू जठे नही, तठे मी कोनासंगे उचलू?"

यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सारिकाच्या तोंडाशी सगळं आलं, मावसभाऊ, हुलकावणी, आपलं ते हसणं. तेवढ्यात नाना दारातून ओरडले, "चाल, तुह्याशिवाय सगळ्यांचं झालं!" सारिकाने मनाशी ठरवलं, उचलून येते आणि सांगते. आधी सांगितलं तर हात चालणार नाहीत.

बाकीच्या मुली खरंच संपल्या होत्या. त्यांची वजनं संपली तिथून सारिकाची सुरू होणार होती. एकशे दहा तिने सहज घेतलं आणि सोनं तिचं झालं. हे सोनं कुणाकडून हिसकावलेलं नव्हतं, म्हणून त्याचं तिला काहीच वाटलं नाही. मग एकशे सतरा. वजन उचलणाऱ्यांचा एक नियम आहे. एकीनंतर दुसरी येणार असेल तर मिनिटभरच वेळ मिळतो, पण आपल्याच मागून आपणच उचलायचं असेल तर दोन मिनिटं. सारिकाला आजवर ती दोन मिनिटं अशी सलग कधी मिळाली नव्हती, मध्ये नेहमी सुलक्षणा असायची. आता ती फळीमागे खुर्चीवर बसून राहिली आणि ती दोन मिनिटं संपता संपेनात. एकशे सतराच्या पहिल्या प्रयत्नात बार खांद्यावरून पुढे घसरला. पुन्हा दोन मिनिटं. शेवटची संधी.

फळीवर गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण आधी डावा पाय ठेवला. हाताला पावडर लावली, बारकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "ऊठ वं!"

लोक हसले. बार उठला. खांद्यावर आला, तिथे क्षणभर अडला, आणि डोक्यावर गेला तो तिथेच राहिला. पंचांचे तिन्ही पांढरे दिवे लागले. दोनशे दहा. नाना टेबलापाशी नाचायला लागले.

सारिका कुणाचे हात हातात न घेता थेट सरावाच्या खोलीकडे धावली. बाकावर केळीची सालं होती, नीट एकावर एक ठेवलेली. सुलक्षणा नव्हती.

"धुळेवाल्यांची गाडी गेली मघाशीच," सामान आवरणारा माणूस म्हणाला. "तुमचा एकशे दहाचा झाला नं, तेव्हाच उठल्या त्या. साक्रीची शेवटची बस धरायची म्हने."

म्हणजे तिने पाहिलंच नाही. एकशे सतरा किलो किती जड होतं, हे न सांगता कळणारी बाई जगात एकच होती. आणि जे सांगायचं होतं ते तर सांगायचंच राहिलं. बाहेर नाना पेढे आणायला पोराला पिटाळत होते. सारिका बाकावर आपल्या जागी बसली आणि सवयीने पाठ मागे टेकायला गेली. मागे कुणी नव्हतं, ती पडता पडता सावरली.