जर्मनीतला स्वयंपाक

"तू राहू दे गं. तू कांदे आणलेस तेवढं खूप झालं."

मुग्धानं माझ्या हातातून सुरी काढून घेतली. हसत हसत. मंग ती नळाखाली धरली. साबण लावला, उलटीपालटी करून धुतली, पुसली. आणि त्याच सुरीनं मी आणलेले कांदे चिरायला बसली.

जर्मनीतल्या एका छोट्या शहरातलं हॉस्टेल. तिसऱ्या मजल्यावरचं सगळ्यांचं मिळून एक किचन. रविवारची दुपार. आम्ही सहा भारतीय पोरी, आणि आमच्याच मजल्यावरची क्लारा नावाची जर्मन पोरगी.

मला वाटलं, असल तिला स्वच्छतेची सवय. म्हणून मी तांदळाचं पातेलं शेगडीवर ठेवायला उचललं. तशी मुग्धा शेजारच्या पुण्याच्या पोरीकडं वळली. हळूच बोलली, पण मला ऐकू येईल एवढं.

"आमच्याच कॉलेजची आहे. त्यांच्यातली. जेवू दे सगळ्यांबरोबर, पण शिजवताना नको."

पुण्याच्या पोरीनं माझ्या हातातून पातेलं घेतलं न्हाई. "खाली ठेव ना," म्हणली. मी ठेवलं. मंग तिनं उचललं. तांदूळ फेकले न्हाईत. पाणी तेवढं ओतून दिलं आणि दुसरं घातलं.

क्लाराला मराठी कळत नव्हतं. चेहरे कळले. तिनं मला इंग्रजीत विचारलं, "काय झालं? तुला स्वयंपाक करू देत न्हाईत का?"

मी तोंड उघडायच्या आत मुग्धा बोलली. "आमच्याकडची पद्धत आहे. ज्याला जे जमतं ते तो करतो. हो ना?"

ते 'हो ना' माझ्यासाठी होतं.

मी मान हलवली.

सुरीचं, पाण्याचं, सगळं आठवतं. पण माझा पिच्छा सोडत न्हाई ती माझी मान.

मी परतूर तालुक्यातल्या आष्टीची. बाबा कापसाच्या जिनिंगवर रोजानं जातात. जालन्याच्या कॉलेजातून सहा महिन्यांसाठी दोघींची निवड झाल्ती. परीक्षेत पहिली मी, दुसरी मुग्धा. ती जालना शहरातल्या मस्तगडची. आईवडील दोघंबी ऑफिसात.

जायच्या आधी मी एकच गोष्ट मनात घोळवत होते. तिथं आडनाव ऐकून कुणाचा चेहरा बदलणार न्हाई. आमची वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला हाये, ते तिथं कुणाला म्हाईत न्हाई. सहा महिने मी नुस्ती एक पोरगी असणार. बाकी थंडी, भाषा, परकं खाणं, कशाचंच भ्या वाटलं न्हाई.

विमान उठलं तव्हा मुग्धा घाबरली. तिनं माझा हात घट्ट धरला. बराच वेळ सोडला न्हाई. नंतर तिनं तो हात धुतला का न्हाई, मी बघितलं न्हाई. तव्हा बघायचं सुचलंच न्हाई.

त्या रविवारनंतर मी त्या किचनमधे गेले न्हाई. पाव आणायचे, खोलीत खायचे. उरलेले सगळे महिने. तिथले मास्तर चांगले होते. लायब्ररी सगळ्यांना उघडी. कुणी मला काही कमी लेखलं न्हाई. माझ्या जिल्ह्यातून आलेल्या एकीनं मात्र माझी ओळख तिथं पोचवली होती. नंतर नंतर ट्राममधे मागून कुणी काही विचारलं, तरी माझी मान आपोआप हलायची. काय विचारलं ते कळायच्या आत.  घरी बर्फाचे फोटो पाठवायचे. बाबा ते जिनिंगवर दाखवायचे. पोरगी मजेत हाये म्हणायचे.

परत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी माय चुलीपाशी होती. म्हणली, "तिथं काय काय रांधलंस?"

मी सगळं सांगितलं. मान हलवली तेबी.

माय ऐकत होती. हातातली भाकर थापायची थांबली.

मी दुसरीत होते तव्हा माय आमच्याच शाळेत खिचडी शिजवायच्या कामावर लागल्ती. पंधरा दिवसांनी ती शाळा झाडायला लागली. आम्हाला म्हणल्ती, धुराचा तरास होतो. मी आजपर्यंत तेच धरून चालले होते.

"धूर न्हवता," माय म्हणली. "लेकरं जेवंनात. घरून सांगून धाडायचे त्यांना. मंग हेडमास्तरनं बोलीवलं. म्हणला, बाई, तुमी झाडायचं बघा, बराबर हाये ना? म्या हो म्हणले."

"का म्हणलीस?"

"तू त्या शाळंत होतीस. तुला तरास नको म्हणून म्हणले." तिनं माझ्याकडं बघितलं. "तू कुणासाठी म्हणलीस, बाई?"

 

आठ दिवसांनी कॉलेजच्या हॉलमधे आमच्या दोघींचा सत्कार ठेवला. ज्या सरांकडं परदेशी पाठवायचं काम होतं, त्यांनी मला बाजूला घेतलं. "दोन मिनिटं बोल. तिथली शिस्त, स्वच्छता सांग. बाकीचं काही नको." म्हणजे मुग्धानं त्यांना काहीतरी सांगितलेलं होतं.

मुग्धा आधी बोलली. "तिथं आम्ही सगळ्या एका कुटुंबासारख्या राहिलो. एकत्र स्वयंपाक करायचो, एकत्र जेवायचो." टाळ्या पडल्या.

मंग मी माइक घेतला.  म्हणले, "एकत्र स्वयंपाक झाला न्हाई. मला करू दिला न्हाई." आणि सांगत गेले. सुरी. पातेलं. ओतलेलं पाणी. कोण काय बोललं ते, त्याच शब्दांत. मी मान हलवली, तेबी सांगितलं.



सर उठले. "बस. वेळ संपली."

"संपली न्हाई, सर. दोन मिनिटं तुम्हीच दिल्ती."

कुणीतरी माइक बंद केला. मी बिनमाइकची बोलले. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

खाली उतरले तर मुग्धाची आई समोर उभी. डोळ्यात पाणी. "चारचौघांत पोरीची अब्रू घेतलीस. आम्ही तुला लेकीसारखी मानली होती."

"लेकीला शिजवू देता ना, काकू?"

त्या गेल्या. मुग्धा माझ्याकडं न बघता त्यांच्या मागं गेली.

मोकळं वाटलं का? न्हाई. जालन्याच्या बसस्टँडवर कँटीनमधे पाण्याचा जग उचलायच्या आधी मी अजून आजूबाजूला बघते. मी शरमेनं मरते, पण बघते.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजात मुग्धाविरुद्ध लेखी तक्रारीचा अर्ज दिला. सर रोज बोलावतात. म्हणतात, तुझ्यामुळं तिथलं कॉलेज आपल्याशी संबंध तोडील. पुढच्या पोरींचं नुकसान होईल. तुला पुढं शिकायचंय, शिफारस मलाच द्यायची हाये, विचार कर.

यंदा घनसावंगीची एक पोरगी निवडली हाये. आमच्यातलीच. तिनं फोन करून विचारलं, काय काय न्यायचं. गरम कपडे सांगितले. मंग हेबी सगळं सांगितलं. ती म्हणली, "ताई, मंग जाऊ का नको?"

"जायचं," म्हणले. "आणि पहिल्या दिवशी तूच शिजवायचं."

अर्ज मी मागं घेणार न्हाई. सरांची शिफारस नको. चौकशीला बोलावतील तव्हा मुग्धाच्या समोर बसीन, आणि तिच्या तोंडावर पहिल्यापासून पुन्हा सांगीन.